एकेचाळीस नंबरची बाटली

३ मार्च, मंगळवार

ही वही ह्यांनी आणून दिली. म्हणाले, "जे ओरडायचं ते ह्यात ओरड, म्हणजे घरातली भांडी तरी शांत राहतील." सदतीस वर्षांच्या संसारानंतर ह्यांना अजून वाटतं की आपण विनोदी आहोत. ठीक आहे, ओरडते.

आज आमचे विभागप्रमुख प्रयोगशाळेत आले. हा माणूस बावीस वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली शिकला. परीक्षानळी कशी धरायची हे मी त्याला दाखवलंय. आता त्याच्या शर्टाची घडी अशी असते की बोट लागलं तर कापेल, म्हणून मी त्याला इस्त्री म्हणते. अर्थात मनात. चारचौघांत 'सर' आणि दार लागलं की 'अरे'.

दार लावून तो म्हणाला, "मॅडम, तीस एप्रिलला समिती बसतेय. सहा वर्षांत चाळीस संयुगं झाली, एकही चाललं नाही. बॅटरीवर संशोधन करणारे तुमचा हूड मागतायत."

हूड म्हणजे माझं काचेचं कपाट, ज्यातून विषारी वाफा वर खेचल्या जातात. तो गेला तर माझं काम म्हणजे चुलीशिवाय स्वयंपाक.

"अरे, मी तीस जूनला निवृत्तच होतेय. तेवढा दम नाही का त्यांना?"

"समितीवाले म्हणतात, धातू म्हणजे विष. बुरशी मरेल आणि माणूसही मरेल."

"त्यांना सांग, तुमच्या रक्तात लोखंड आहे म्हणून तुम्ही खुर्चीत बसून बोलताय."

त्याला हसू येत होतं, पण त्याने ते घडी घालून ठेवलं.

माझं म्हणणं सोपं आहे. बुरशीवरची औषधं मुळात मूठभर. त्यातलीही आता इस्पितळातल्या बुरशीला पाठ झालीत. मी मधोमध एक धातू बसवते आणि त्याच्याभोवती सहा बाजूंनी छोटे रेणू हात धरून उभे करते. असा आकार बुरशीने जन्मात पाहिलेला नाही, त्यामुळे त्यावर तिच्याकडे उत्तर नसेल. चाळीस वेळा तिच्याकडे उत्तर होतं. बघू किती वेळा असतं ते.

५ मार्च, गुरुवार

एकेचाळीसावं झालं. मधे रुथेनियम, भोवती नवी मंडळी. रंग केशरी, झकास. रंग चांगला आला की मला उगाच आशा वाटते, आणि आजवर प्रत्येक वेळी तोंडघशी पडलेय.

द्रावण करून मामांच्या हाती इस्पितळात पाठवलं. मामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे मदतनीस, ह्या इमारतीत माझ्याइतकेच जुने. तिकडे तपासणारी मुलगी आहे, मुलगी म्हणजे पस्तिशीची बाई. बुरशीच्या विभागात एकटीच. मी तिला बुरशीबाई म्हणते आणि तिने ते मनावर घेतलेलं नाही. तपकिरी बाटल्या संपल्यात. अर्ज केला तर उत्तर आलं, पुढच्या तिमाहीत. म्हणून साध्या काचेच्या बाटलीत पाठवलं. चिठ्ठीवर लाल शाईने 'आजच तपासा', खाली तीन रेघा.

माझा नियम सगळ्यांना पाठ आहे: द्रावण ज्या दिवशी केलं त्याच दिवशी तपासायचं. शिळ्या द्रावणाचा निकाल मी निकाल धरत नाही. मागे एकीने दुसऱ्या दिवशी तपासलं होतं, तेव्हा मी तिचा पूर्ण तक्ता तिच्यासमोर फाडला. त्यानंतर कुणी चुकलं नाही.

९ मार्च, सोमवार

बुरशीबाईचा फोन नाही. मी केला तर उचलला नाही. दुसरं कुणीतरी म्हणालं, "त्या जरा बाहेर आहेत." चार दिवस जरा बाहेर?

मामांना विचारलं, बाटली तिच्या हातात दिली ना? म्हणाले, "टेबल रिकामं होतं मॅडम, उन्हात चमकेल, लगेच दिसेल अशी खिडकीत ठेवून आलो." पावती का नाही आणली म्हणून मी मामांना चांगलंच झापलं. हल्ली पावती ही गोष्ट कुणाला महत्त्वाचीच वाटत नाही.

१२ मार्च, गुरुवार

नितळ! सगळेच्या सगळे नितळ!

बुरशीबाईकडे छोट्या खळग्यांची प्लेट असते. खळग्यात बुरशी वाढली तर पाणी गढूळ, मेली तर नितळ. एकेचाळीसाचे सगळे खळगे नितळ निघाले, अगदी शेवटचा, सर्वांत पातळ मात्रेचासुद्धा. मी तिला तीनदा वाचायला लावलं.

"त्याच दिवशी लावलंस ना?"

जरा थांबून ती म्हणाली, "हो मॅडम. पाच तारखेलाच." इस्पितळाच्या तळमजल्यावर फोनला नेहमीच अडचण असते.

"मग आज सांगतेस? सात तारखेला निकाल दिसला असेल!"

"सॉरी मॅडम. राहून गेलं."

राहून गेलं म्हणे. पण आज मी कुणालाही माफ करायला तयार आहे. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आता तू घरी उशिरा येणार." हे ह्यांचं अभिनंदन.

१३ मार्च, शुक्रवार

इस्त्री म्हणाला, "मॅडम, एक विचारू? हे सगळं तुमच्या भावासाठी करताय का?"

मी म्हटलं, तुझा काही संबंध नाही. इथेही लिहून ठेवते: याचा आणि धाकट्याचा काही संबंध नाही. त्याचं ऑपरेशन उत्तम झालं, डॉक्टरांनी हात मिळवले, पंधराव्या दिवशी रक्तात बुरशी निघाली आणि एकोणिसाव्या दिवशी तो गेला. त्याच्यावर तीन औषधं चालवली. तिन्हींची नावं, मात्रा आणि वेळा मला पाठ आहेत, कारण मी रसायनशास्त्राची बाई आहे आणि असल्या गोष्टी माझ्या लक्षात राहतात. काम मी त्याच्या आधीपासूनच करत होते. निदान दोन वर्षं आधीपासून धातूंवर करत होते. बुरशीवर नंतर वळले, एवढंच.

२० मार्च, शुक्रवार

पुन्हा केलं. ताजं द्रावण, स्वतः रिक्षाने घेऊन गेले, बुरशीबाईच्या शेजारी उभी राहून लावून घेतलं. आज निकाल. गढूळ. पहिल्या खळग्यापासून शेवटपर्यंत, जणू आत काही घातलंच नव्हतं.

२७ मार्च, शुक्रवार

आणखी दोनदा. गढूळ, गढूळ.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसा इस्त्री आला. "मॅडम, पहिला निकाल चुकला असेल तर आत्ताच मागे घ्या. समितीपुढे उघडं पडण्यापेक्षा बरं."

"म्हणजे तुला सुटका हवीय माझ्यापासून."

तो दाराकडे वळला. जाताना एक खोकं ठेवून गेला: तपकिरी बाटल्या, बारा डझन. तिमाही संपायच्या आत कशा आल्या कोण जाणे. आता सहानुभूती म्हणून बाटल्या! मी त्या वापरणार, कारण माझ्या रागाची किंमत माझ्या द्रावणाने का भरावी?

७ एप्रिल, मंगळवार

तपकिरी बाटल्यांतूनही गढूळच. सहावी खेप.

आज माझा तोल गेला. फोनवर बुरशीबाईला म्हटलं, "पहिल्या वेळी तू नक्की काय लावलंस? हात धुतेस का नीट? का दुसऱ्याच कुणाची बाटली ओतलीस?" ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मॅडम, मी तुमचीच बाटली लावली होती." आणि फोन ठेवला. माझा फोन आजवर कुणी ठेवला नव्हता.

हे पेपर वाचत बसले होते. म्हणाले, "तू विचारत होतीस की दरडावत होतीस?"

"विचारत होते!"

"असं होय," म्हणाले आणि पान उलटलं.

१५ एप्रिल, बुधवार

आज घरात एक भयंकर उलगडा झाला. दूध तापवायचं जाड बुडाचं पातेलं, माझ्या नोकरीच्या पहिल्या पगारातलं, त्याच्या कडेला एक पोचा होता. आज घासताना पाहिलं तर पोचा नाही. पोचा आपोआप बरा होत नाही, एवढं धातुशास्त्र मला येतं.

ह्यांना उभं केलं. दोन मिनिटांत कबुली. जानेवारीत दूध ठेवून डुलकी लागली, पातेलं जळून काळंठिक्कर झालं. मग तीन बाजार पालथे घालून हुबेहूब तसलंच आणलं. तीन महिने मी त्यातलं दूध पीत होते.

"अहो, पण सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस."

"आत्ता नाही का ओरडत?"

"आत्ताही ओरडतेस. पण तीन महिने शांततेत गेले."

मला हसू आलं, खरोखर आलं. पण आता रात्री झोप लागत नाहीये. हा माणूस माझ्याबरोबर सदतीस वर्षं राहतोय आणि एका पातेल्याची गोष्ट मला सांगायला घाबरतो. मग बाकीचे काय काय सांगत नसतील?

१७ एप्रिल, शुक्रवार

सकाळीच इस्पितळात गेले. बुरशीबाई मला पाहून उभी राहिली, शाळेत राहतात तशी. मी स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, "तूही बस. मी आज तक्ता फाडायला आलेली नाही. पहिली बाटली तू कोणत्या दिवशी लावलीस?"

ती बराच वेळ हातमोज्याची बोटं सरळ करत राहिली. मग म्हणाली, "दहा तारखेला."

पाच तारखेला दुपारी तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. पाच दिवस सुटी. परत आली तेव्हा बाटली खिडकीत होती. लाल शाई, तीन रेघा. "मला वाटलं, शिळं झालंय म्हणून सांगितलं तर तुम्ही... मग मी दहाला लावलं आणि नोंदीत पाच लिहिलं. मॅडम, त्यानंतर मी एक रात्र नीट झोपले नाही. तुम्ही परत परत करत राहिलात, आणि जितका उशीर होत गेला तितकं सांगणं अवघड होत गेलं."

मी उठले. पूर्वीची मी असते तर काय केलं असतं ते लिहायची गरज नाही. खरं सांगायचं तर तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात ती म्हणाली, "आणि मॅडम, रंग बदलला होता. केशरी नव्हता. जांभळट झाला होता."

मी परत बसले.

पाच दिवस. साधी काच. दक्षिणेची खिडकी. उजेडाने त्या सहा हातांपैकी एक हात सुटला असणार, आणि मोकळ्या झालेल्या जागेने बुरशीला धरलं. मी जे बनवलं ते कधीच चालत नव्हतं. ते उन्हात बसून जे झालं, ते चालत होतं. आणि मी महिनाभर ताजं, झाकलेलं, उजेड अडवणाऱ्या तपकिरी बाटलीतलं घेऊन धावत होते!

मला ओरडावंसं वाटत होतं, पण कुणावर? सहा आठवडे बुरशीने नाही, माझ्याच जिभेने खाल्ले. हे लिहायचं नव्हतं, तरी लिहिते.

तिला विचारलं, "आईचा डोळा कसा आहे?" तेव्हा ती रडायला लागली. चांगलं दिसतंय म्हणे.

२५ एप्रिल, शनिवार

तीन बाटल्या पाच दिवस खिडकीत, तीन अंधाऱ्या कपाटात. खिडकीतल्या तिन्ही नितळ, कपाटातल्या तिन्ही गढूळ. नुसतं पाणी आणि द्रावक उन्हात ठेवून पाहिलं: गढूळ. माणसाच्या पेशींवरही लावलं. बुरशी मारणाऱ्या मात्रेच्या आठपटीला पेशी जिवंत आहेत. सगळ्या नोंदींवर खरी तारीख, खरी वेळ, दोघींच्या सह्या.

मामा म्हणाले, "म्हणजे माझ्यामुळे झालं ना मॅडम?" मी म्हटलं, "हो मामा, पण पावती आणायला हवी होती." सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

२८ एप्रिल, मंगळवार

इस्त्रीला सगळं सांगितलं. तो नोंदवही उघडून बराच वेळ पाहत बसला. मग दार लावून आला.

"मॅडम, नवे निकाल चांगले आहेत. तेवढेच दाखवा. पाच मार्चची गोष्ट काढू नका."

"पहिली नोंद खोटी आहे. आणि ती समितीच्या कागदांत आधीच गेलीय."

"कुणी विचारणार नाही. तुम्ही सांगितलंत तर बुरशीच्या बाईंच्या नोकरीवर येईल, आणि तुमचा हूड नक्की जाईल. मी तुम्हाला ओळखतो म्हणून हात जोडून सांगतोय."

"ताकाला जाऊन भांडं लपवायला मी तुला शिकवलं होतं का?"

तो म्हणाला, "नाही. तक्ते फाडायला शिकवलं होतंत." आणि निघून गेला. त्याचाही एक फाडला होता की काय? मला आठवत नाही.

बुरशीबाईला फोन केला, म्हटलं, तू सांगशील तसं. ती म्हणाली, "मॅडम, सही माझी आहे. मीच सांगते."

३० एप्रिल, गुरुवार

पाच जण, एक लांब टेबल, पाण्याचे झाकलेले ग्लास. बुरशीबाई उभी राहिली, मी तिच्या मागे बसले होते. तिने तारीख सांगितली, कारण सांगितलं नाही. समितीतले एक दोरीच्या चष्म्याचे गृहस्थ म्हणाले, "म्हणजे तुम्ही नोंद खोटी केलीत. का?"

तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, म्हणून मी उठले.

"माझ्या भीतीने. माझ्याकडे काम करणाऱ्या माणसाला उशीर झाला तर तो उशीर सांगत नाही, तारीख बदलतो. ही व्यवस्था मी तीस वर्षं खपून उभी केलीय. नोंद तिने केली, पण खोटं करायला मी लावलं. शिक्षा वाटणार असाल तर मोठा वाटा इकडे द्या. पण एकेचाळीसाला देऊ नका. ते खोटं बोललेलं नाही. त्याला ऊन दिलं की ते बुरशी मारतं, नाही दिलं की मारत नाही, आणि हे आम्ही तुमच्यासमोर आठवड्याभरात करून दाखवू शकतो. तुमच्यापैकी कुणाचं माणूस रक्तातल्या बुरशीने गेलंय का? माझं गेलंय. त्याला तीन औषधं दिली. चौथं नव्हतंच. मला चौथं हवंय."

धाकट्याचं मी बोलणार नव्हते. कसं निघालं कोण जाणे.

बाहेर बाकावर बसवलं. तासभर आतून आवाज येत होते, आणि सगळ्यांत मोठा इस्त्रीचा. त्याला एवढं ओरडायला काय झालं कळलं नाही. विभागाचं नाव वाचवत असेल.

निर्णय: बुरशीबाईच्या फायलीत ताकीद, नोकरी राहिली. मला लेखी समज. दुसऱ्या इस्पितळातून वीस रुग्णांच्या रक्तातले बुरशीचे वीस नमुने मागवायचे. पंधरा जूनच्या आत निदान बारा नमुने एकेचाळीसाने मारले तर प्राण्यांवरच्या चाचणीला परवानगी आणि हूड पुढे चालू. नाही तर फाइल बंद.

जिन्यात बुरशीबाई म्हणाली, "मॅडम, तुम्ही माझ्यासाठी..." मी म्हटलं, "तुझ्यासाठी काही नाही, बाराची तयारी कर."

२१ मे, गुरुवार

सोमवारी नमुने आले. बर्फाच्या डब्यात, नुसते आकडे, एक ते वीस. प्रत्येक आकडा म्हणजे एक माणूस, कुणाचा तरी धाकटा किंवा थोरला. मी ते डोक्यातून काढते आणि ते परत येतं.

काल बुरशीबाईने आपणहून फोन केला: "मॅडम, सहा नंबरचा नमुना आज दूषित झाला. माझा डोक्यावरचा टोप सरकला. पुन्हा वाढवायला तीन दिवस जातील." मी फोन कानापासून लांब धरला, दहा आकडे मोजले, मग म्हटलं, "बरं. वाढव." ह्यांनी पेपर खाली करून माझ्याकडे पाहिलं. "काय बघताय?" म्हटलं. "काही नाही," म्हणाले.

१५ जून, सोमवार

दुपारी तीनला बुरशीबाईचा फोन. आजवरची ती असती तर आधी घसा खाकरला असता. आज सरळ बोलली.

"मॅडम, बारा नाहीत. सहाच. दोनदा लावून पाहिलं, सहाच."

मी हूडसमोर उभी होते. काचेवर माझाच हात टेकलेला होता. चौदा गढूळ. समितीचं गणित साधं आहे आणि ते मी स्वतः मान्य केलेलं आहे. एकेचाळीसाची फाइल बंद झाली.

"मॅडम, ऐकताय ना?"

"ऐकतेय. कोणते सहा?"

"अं?"

"मेले ते. नंबर सांग."

"दोन, पाच, नऊ, अकरा, चौदा, वीस."

मी मनगटावर पेनाने लिहून घेतले, कारण कागद शोधायला वेळ नव्हता. मग ती म्हणाली, "मॅडम, नऊ आणि चौदावर दुसरं कुठलंच औषध चालत नाही. आत्ताच त्या इस्पितळात विचारलं."

"ती माणसं?"

"नऊ नंबर गेला. मागच्या महिन्यात. चौदा नंबर आहे. वॉर्डात आहे अजून."

चौदा नंबरला माझ्या बाटलीचा काही उपयोग नाही, हे मला कळतं. प्रयोगशाळेतून माणसापर्यंत औषध जायला दहा वर्षं लागतात, आणि चौदाकडे दहा वर्षं नाहीत. कदाचित दहा दिवसही नाहीत.

इस्त्रीकडे गेले. बारा नाहीत, सहा आहेत, असं सांगितलं. तो म्हणाला, "मग तीस जूनला हूड रिकामा करायचा."

"करीन. आज पंधरा आहे."

त्याने मान खाली घातली आणि रुथेनियमच्या मागणीपत्रावर सही केली. मी मागणीपत्र दिलं नव्हतं. त्याच्याच खणात भरून ठेवलेलं होतं.

दोन हात सुटतील, म्हणजे बुरशीला धरायला दोन जागा मिळतील, असं बेचाळीसावं करता येईल. कागदावर दिसतंय. मामांना उद्या सहाला यायला सांगितलंय, बुरशीबाईला सातला. ती म्हणाली, "मॅडम, मला सव्वासात होतील." म्हटलं, सव्वासात चालतील.